पिवळं पाणी

भगवंत मिस्त्रीनं फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतून पिवळं पाणी आलं. गाडीतलं पाणी हिरवं असतं एवढं शेषरावांना ठाऊक होतं. हिरवं नसलं तर निदान गंजून तांबूस तरी झालेलं असायला हवं होतं. हे पिवळं होतं, उतू गेलेल्या वरणासारखं, आणि झाकणाच्या आतल्या कडेला त्याचा घट्ट लगदा चिकटला होता. मिस्त्रीनं लगद्यात बोट घातलं, बोट नाकाशी नेलं आणि तो चक्क हसला. "हळद हाय," तो म्हणाला. "रेडिएटरात हळद टाकेल हाय कोनंतरी. तुमीच टाकली काय, काकाजी?" शेषराव म्हणाले, "नाई बा." मिस्त्रीला ते खोटं वाटलं असावं, कारण त्यानं उगाच समजुतीनं मान हलवली. रेडिएटर गळत असलं की जुने ड्रायव्हर मूठभर हळद टाकतात, ती फुगते, भोकात जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत पोचवते, असं त्यानं सांगितलं. "घरापर्यंत पोचाचा इलाज हाय थो," तो म्हणाला. "त्याच्यावर महिने काढाचे नसतात."

खुर्ची होती, पण तिच्यावर मिस्त्रीचा जेवणाचा डबा होता आणि तो उचला असं म्हणण्याचाही शेषरावांना कंटाळा आला. ते शेजारच्या जुन्या टायरवर बसले. निवृत्त झाल्यापासून हा कंटाळा त्यांच्या अंगात येऊन बसला होता, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा, आणि आज सकाळपासून तर तो पायही हलवू देत नव्हता. सकाळी अमरावतीच्या राजापेठेतून निघताना बायकोनं, सुंदराबाईंनी, मागच्या सीटवर चादर अंथरली, वर उशी ठेवली, पाण्याचा थर्मास ठेवला. लेकीला, रश्मीला, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि भीमजयंती झाली की न्यायला येतो असं शेषरावांनी अकोल्याला कळवलंही होतं. बडनेरा गेलं, लोणी गेलं, कुरूम गेलं. कुरूमच्या अलीकडेच इंजिनच्या गरमीचा काटा वर चढायला लागला होता. त्यांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. साहेबाच्या केबिनमध्ये कोणी मोठ्यानं बोलायला लागलं की ते असंच फायलीत डोकं घालून बसत, आणि बहुतेक वेळा खरोखरच आवाज आपोआप खाली येई. काटा खाली आला नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, गाडीनं दोन आचके दिले, आवंढा गिळल्यासारखा एक आवाज केला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ती थांबली. एप्रिलचं ऊन डांबरावर पसरलं होतं. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून गाडी मूर्तिजापूरच्या ह्या टिनाच्या शेडपर्यंत ओढत आणली. आपलीच गाडी, आपणच स्टिअरिंग धरून बसलेलो आणि समोर कोणाचा तरी ट्रॅक्टर चाललेला. शेषरावांना वाटलं, आयुष्यभर आपण असेच चाललो असू.

मिस्त्रीनं ऑइलची पट्टी काढून दाखवली. तिच्यावर काळं ऑइल असायच्या जागी दुधाळ चहासारखं काहीतरी लागलं होतं. "पानी ऑइलात गेलं. हेड वाकलं," तो म्हणाला, "अन् हे पाहा." त्यानं इंजिनच्या सांध्यावरून नख फिरवलं. सांध्यातून लाल पेस्ट फुगून बाहेर आली होती, घाईघाईत लावलेल्या लिपस्टिकसारखी. "हे हेड पह्यलेबी एकडाव उतरवेल हाय. गरम होऊन बसली असन. पेस्ट लावली, बसवलं, हळद टाकली अन् इकली. इंजिन गेलं समजा, काकाजी. उतरवल्याबिगर काई सांगता येत नाई." मग हात पुसता पुसता त्यानं सहज विचारलं, "कोनाची घेतली?" शेषरावांच्या तोंडात उत्तर तयार होतं, पण ते दातांपाशी येऊन अडलं. "वळखीच्याची," ते म्हणाले. मिस्त्री जोरात हसला. "वळखीचाच मारते! बिनवळखीचा भेते, थो मारत नाई." हे वाक्य तो दर आठवड्याला कोणाला तरी ऐकवत असणार, इतकं ते घासून गुळगुळीत झालेलं होतं. तरी ते शेषरावांना बरोबर लागायचं तिथं लागलं.

गाडी जावयाची होती. अकोल्याला नागसेननं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी कोणाला द्यायची असा विषय निघाला, आणि शेषराव, जे साठ वर्षांत कुठल्याच विषयात स्वतःहून बोलले नव्हते, एकदम म्हणून गेले, "आमाले द्या ना मंग." त्याच आठवड्यात ते घ्यायला गेले. पोहे झाले, चहा झाला. विहिणीनं बशीत पेढे आणि त्यावर गाडीची चावी ठेवून बशी पुढं केली. फाटकाच्या आत गाडी धुऊन पुसून उभी होती. तिचं बॉनेट कोणी उघडलं नाही. म्हणजे नागसेननं उघडलं नाही, आणि उघडा म्हणणं शेषरावांना शक्य नव्हतं. त्यांच्यात ग्रहबिग्रह कोणी मानत नसे, शेषरावांच्या बापानं छप्पन सालीच ते सगळं नदीत सोडलं होतं. पण जावई नावाचा दहावा ग्रह मात्र सोडायचा राहून गेला असावा. जावयाला जेवताना आग्रह करायचा, कपडे करायचे, तो बोलला की हो म्हणायचं आणि त्याला प्रश्न विचारायचा नाही. राजापेठेतला सहदेव, जो ऑफिसच्या जीपवर ड्रायव्हर होता आणि ज्याच्यासोबत शेषराव रोज संध्याकाळी चहा पीत, तो आधीच म्हणाला होता, "शेषराव, मिस्त्रीले दाखवून घेजा. मी येतो संगं." तेव्हा शेषरावांना राग आला होता. "जवायाची गाडी मिस्त्रीले दाखवू? त्यायच्या दारात बोनट उघडून उभा राहू? लोक काय म्हनतीन?" सहदेव म्हणाला, "लोक काई नाई म्हनत, इंजिनच म्हनते जे म्हनाचं थे." त्यानंतर शेषराव काही दिवस चहाला गेले नाहीत. आता टायरवर बसून त्यांना सहदेवचा तो बारीक चेहरा आठवला आणि त्या चेहऱ्याला आता काय सांगायचं, ह्या विचारानंच थकवा आला. आणि त्याच्याही मागं आणखी एक जुनं चित्र उभं राहिलं. रश्मीचं ठरवायला ते पहिल्यांदा त्या घरी गेले होते तेव्हाही पोहेच होते. मुलगा नोकरीवाला, घर स्वतःचं. शेषरावांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, फोटोची काच स्वच्छ होती आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं. तेव्हाही त्यांनी काही विचारलं नव्हतं.

गाडी कशाला हवी होती, हे त्यांनी सुंदराबाईंनाही कधी नीट सांगितलं नव्हतं. रश्मीच्या वेळेला सुंदराबाईंना न्यायला त्यांचे वडील बार्शीटाकळीकडच्या गावाहून आले होते, धोतराला इस्त्री करून, हातात पिशवी घेऊन. अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली, गर्दी आत घुसली आणि सुंदराबाईंना बसायला जागा मिळाली नाही. शेषराव तेव्हा नुकतेच लागलेले कारकून होते. ते खाली उभे राहून खिडकीतून पाहत होते. वरचा लोखंडी दांडा सुंदराबाईंनी एका हातानं धरला होता, दुसरा हात पोटावर होता, आणि सासरे आतल्या लोकांना हात जोडून म्हणत होते, थोडी जागा द्या बाप्पा, पोरगी हाय. गाडी हलली तेव्हाही ती उभीच होती. पुढं बडनेऱ्याला कोणीतरी जागा दिली, असं नंतर कळलं. पण शेषरावांच्या डोळ्यांत ती एसटी अजून अमरावतीतून निघतच होती. आपल्या लेकीला न्यायला आपण आपल्या गाडीतून जाऊ, मागं चादर घालू, ती पाय लांब करून झोपेल आणि आपण हळूहळू चालवत आणू, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. त्यासाठी ह्या वयात ते सकाळच्या क्लासमध्ये कॉलेजच्या पोरांबरोबर गाडी शिकले. गाडी आली तेव्हा ती आधी विहारात नेली, त्रिशरण झालं, सगळ्यांना खीर वाटली. गल्लीतल्या बायांनी सुंदराबाईंना मागं बसवून राजापेठेचा एक फेरा मारायला लावला. सुंदराबाई खिडकीतून हात बाहेर काढून बसल्या होत्या आणि शेषराव आरशात त्यांच्याकडे पाहत होते. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि झाला तो लपवतानाही त्यांची तारांबळ उडाली.

फक्त रश्मी म्हणाली होती, नका घेऊ. चावी आणायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "बाबा, कशाले घेता गाडी? तुमची स्कूटर चांगली हाय. नका घेऊ." का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाईट वाटलं. पोरगी सासरी गेली की तिला सासरची वस्तूही सोडवत नाही, बाप गाडीत बसलेला तिला पाहवत नाही, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं, आणि ते कोरडं हसून म्हणाले, "बापानं स्कूटरवरच मराव काय मंग?" तिनं फोन ठेवला. पण गाडी आल्यावर तिचे फोन वाढले. रोज संध्याकाळी यायचा. कुठं गेले होते, गाडी काढली होती काय, उन्हाची काढली काय, पोचले ना घरी. शेषरावांना वाटलं, राग गेला. पोरीला आता बापाच्या गाडीचं कौतुक वाटायला लागलं. ते रंगवून सांगायचे, भाजीबाजारात गेलो, सिग्नलला बंद पडू देली नाही, वळणावर हॉर्न वाजवला. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी पुन्हा विचारायची, पोचले ना घरी? आता, मिस्त्रीच्या बोटावरचा तो पिवळा लगदा वाळून कडक होत असताना, ते सगळे फोन शेषरावांच्या डोक्यात पुन्हा एकदा वाजायला लागले, आणि ह्या वेळी त्यांत कौतुक कुठंच नव्हतं.

हळदीला वास होता. निदान शेषरावांना तसं वाटलं. गरम पाणी, गंज, ऑइल, ह्या सगळ्याखालून काहीतरी कैरीसारखं आलं आणि गेलं. सुंदराबाई फाल्गुनात हळकुंडं आणून, उन्हात घालून, स्वतः गिरणीवर उभं राहून दळून आणत, आणि त्यात थोडी आंबेहळद टाकत. ही त्यांच्या आईची रीत होती. घरच्या वरणाला त्यामुळे एक वेगळा वास यायचा, आणि वर्षाची हळद बरणीत भरून रश्मीला जायची. विकतची आणू नको, तिच्यात काय काय घालतात, असं त्या फोनवर बजावत. शेषराव मिस्त्रीला म्हणाले, "जरा पाहू." त्यांनी झाकण हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि ह्या वेळी नुसत्या ऑइलचाच वास आला. त्यांनी झाकण परत दिलं. पण डोळ्यांपुढं अकोल्याचं ते स्वयंपाकघर आलंच. दारात नागसेन उभा, घामेजलेला, बाह्या वर सारलेल्या. हळद दे. रश्मी ओट्यापाशी. मग काय झालं असेल? तिनं विचारलं असेल कशाला म्हणून, की नसेल विचारलं? आईनं पाठवलेली बरणी तिनं आपल्या हातानं पुढं केली, की त्यानं घेतली? गाडी कोणाला जाणार हे तेव्हा ठरलं होतं की नव्हतं? शेषराव एकामागून एक असे तीनचार प्रकार मनात मांडून पाहत होते, आणि प्रत्येक प्रकारात नागसेन काय करतो ते त्यांना दिसत होतं, पण रश्मीचा चेहरा काही केल्या दिसत नव्हता. तिची पाठ तेवढी दिसत होती. आपली मुलगी त्या घरात कशी उभी असते हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि ती इंजिनपेक्षा जड होती.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "बाबा, कुठलोक आले?" "मूर्तिजापूर," ते म्हणाले. पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली, "थांबले काय?" "चहा प्याले थांबलो." "हो," ती म्हणाली. "घाई नका करू. हळू या." फोन ठेवल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "उतरवू काय इंजिन?" शेषराव उठले. गाडीतून थर्मास घेतला, चादर घेतली, उशी घ्यावी की नाही ह्याचा उगाच विचार केला आणि ती मागंच राहू दिली. "राहू द्या सध्या," ते म्हणाले. "मी सांगतो." भगवंत मिस्त्रीनं खुर्चीवरून डबा उचलला आणि तो आरामात जेवायला बसला.

एसटीत जागा मिळाली, खिडकीचीच. बाहेर पिकं निघून उलंगलेल्या रानांत काळी ढेकळं तापत होती आणि बाभळीच्या सावलीत म्हशी बसल्या होत्या. शेषराव नागसेनशी बोलत होते. मनातल्या मनात, पण पुरते मोठ्यानं. जवाईबुवा, हे तुमी काय केलं? तुमच्या सासूले मागं बसवून मी राजापेठीत हिंडलो. आज तुमचीच बायको, पोटुशी, मागं झोपली असती अन् गाडी ट्रकपुढं बंद पडली असती तं? तुमचंच लेकरू होतं ना थे? हे वाक्य चांगलं जमलं होतं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. पण बोरगाव येईपर्यंत त्यांना पुढचं दिसायला लागलं. आपण हे बोलणार, घरात शांतता होणार, विहीण आत जाणार, आणि मग आपण पिशवी उचलून परत येणार. रश्मी बाळंतपणानंतर पुन्हा त्याच घरात जाणार. सासऱ्यानं जावयाला सुनावलेलं शेवटी लेकीच्याच ताटात पडतं, हे तर लहान पोरालाही कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं शेषरावांचे वडील म्हणत. मूठ झाकून झाकून हात आखडून गेला तर काय करायचं, ते मात्र वडिलांनी कधी सांगितलं नाही. शेषरावांनी डोळे मिटले. राग होता, पण तो धरून बसायलासुद्धा ताकद लागते.

फाटकाशी नागसेन उभा होता. ऑटोतून उतरणाऱ्या शेषरावांना त्यानं पाहिलं, त्यांच्या मागं रस्त्यावर पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "जयभीम, मामाजी," तो म्हणाला आणि त्यानं हातातला थर्मास घेतला. गाडी कुठं आहे, असं त्यानं विचारलं नाही. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं ती गाडी दर रविवारी धुतली होती त्यानं विचारलं नाही, आणि शेषरावांना आणखी पुरावा नको होता. तेच म्हणाले, "एसटीनंच आलो. चष्म्याचा नंबर बदलला, लांबचं चालवावसं वाटलं नाई." "बरं केलं, बरं केलं," नागसेन घाईघाईनं म्हणाला. "उन्हाचं कशाले चालवता?" त्याच्या गळ्याशी घाम आला होता. शेषरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि त्यांना एक भेदरलेला मुलगा दिसला, काहीतरी फोडून ते पलंगाखाली ढकलून ठेवलेला. ह्याच्यावर ओरडायचं म्हणून आपण बोरगावपर्यंत तालीम केली होती, हे त्यांना खरंही वाटेना. जेवायला वरणभात होता, पोळी होती, कैरीचं पन्हं होतं. नागसेन स्वतः वाढत होता. त्याचा आग्रह संपत नव्हता. शेषरावांनी वरणाचा पहिला घास घेतला. वरणाचा रंग पिवळाजर्द होता, लिंबासारखा, आणि त्याला कसलाच वास नव्हता. विकतची हळद होती. फाल्गुनात आलेली वर्षाची बरणी चैत्रात संपली होती. त्यांनी मान वर केली तेव्हा रश्मी स्वयंपाकघराच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती आणि त्यांच्या ताटाकडे पाहत होती. शेषरावांनी मान खाली घातली आणि सगळं वरण संपवलं. "मी सोडून देतो ना तुमाले, नवी गाडी हाय," नागसेन म्हणाला. "नाई," शेषराव म्हणाले, "बापानंच न्या लागते. आगगाडीनं जाऊ आमी."

स्टेशनवर तो आला. बॅग त्यानं आत ठेवली, बाटली भरून आणली, रश्मीला खिडकीजवळ बसवलं. मग खाली वाकून त्यानं शेषरावांच्या पायांना हात लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तो वाकलेला राहिला. "मामाजी," तो म्हणाला. शेषराव थांबले. डब्यातल्या लोकांची धक्काबुक्की चालू होती. "पोचल्यावर फोन करा," नागसेन म्हणाला आणि खाली उतरला. गाडी निघाली. रश्मीनं खिडकीचा गज धरला होता. तिची बोटं सुजली होती, अंगठी रुतली होती. शेषरावांनी चादर घडी करून तिच्या पाठीशी दिली. सुंदराबाईंचा फोन आला, निघाले काय, तिले मागं नीट झोपवलं काय, रस्त्याचे हबके बसून राहिले काय. "खिडकीपाशी बसली हाय," शेषराव म्हणाले, "हबके नाई बसत." खोटं नव्हतं. रश्मीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहिलं. बोरगाव मागं पडलं तेव्हा बाहेर बघतच ती म्हणाली, "बाबा, कुठी बंद पडली?"

शेषराव म्हणाले, "कुरूमच्या पुढं." तिनं मान हलवली. "आमची डिसेंबरात बोरगावपाशी पडली होती," ती म्हणाली. "मंग त्यायनं दुरुस्त केली. मंग पुन्हा गळाले लागली. तुमी घेतो म्हनले त्या राती त्यायनं हळद मांगतली. मी विकतची देत होती, थे म्हनले घट्ट पायजे, घरची दे. आईची नवी बरनी होती. मी देली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मीच देली, बाबा. हातानं देली. तुमाले नका घेऊ म्हनलं. त्याच्या वरतं मले बोलता नाई आलं." शेजारचा माणूस शेंगा खात होता आणि टरफलं खाली टाकत होता. शेषरावांना पुष्कळ काही म्हणायचं होतं, आणि त्यातलं काहीही त्या पोरीपर्यंत धड पोचेल असं त्यांना वाटेना. शेवटी ते म्हणाले, "तुह्या मायच्या हातची हळद हाय थे. म्हनून कुरूमलोक तरी आनलं तिनं मले. बजारची असती, तं राजापेठीतच बसलो असतो."

रश्मी हसली. हसता हसताच तिचा चेहरा विस्कटला आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. "रोज वाटे, तुमाले काई होईन," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी." शेंगावाल्यानं खाणं थांबवलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला. शेषरावांनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, तिच्यापुढं धरलं. अंग आंबलं होतं, डोळे चुरचुरत होते, घरी जाऊन सुंदराबाईंना गाडीचं सांगायचं होतं, सहदेवला तोंड दाखवायचं होतं. हे सगळं कोणीतरी दुसऱ्यानं करावं असं त्यांना फार वाटलं. आणि तरीही, पोहे खाऊन भिंतीवरची काच पाहून परत आलेल्या त्या दिवसापासून जे विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी विचारलं. "रश्मी, तू बरी हाय ना बाई तिथं?"

तिनं पाणी पिऊन झाकण परत दिलं. डोळे पुसले. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं. "आता विचारून राह्यले, बाबा?"

"हो," शेषराव म्हणाले. "आता विचारून राह्यलो. सांग."

तिनं गजावरचा हात काढून मांडीवर घेतला आणि ती सांगू लागली. मूर्तिजापूर आलं, लोक उतरले, लोक चढले, मूर्तिजापूर गेलं, तरी ती सांगतच होती.